अर्धा निरोप

मेघू,

तुझ्या तेराव्याला घर भरून गेलं होतं. इंदूरच्या भंवरकुआं भागात तू शिकवायचीस त्या क्लासची मुलं जिन्यापासून फाटकापर्यंत उभी होती. एकेक जण आत यायचा, आईंच्या पाया पडायचा, तुझ्या दादाचा हात धरायचा आणि काय बोलावं ते न सुचून निघून जायचा. एक मुलगी माझ्यापाशी थांबली. म्हणाली, "मैम आपकी बहुत बातें करती थीं. कहती थीं, भाभी ने बोल दिया ना, तो बात पक्की." मी तिला पाणी दिलं आणि आत गेले. ओट्याला टेकून उभी राहिले.

सगळे म्हणतात, मेघना फार धाडसी होती. तुला हे ऐकून हसू आलं असतं. तू कुठली धाडसी! रस्ता ओलांडताना दोनदा बघणारी, झोपण्याआधी गॅसचं बटण तीनदा तपासणारी. जे झालं ते धाडसामुळे झालं नाही. कशामुळे झालं ते मला माहीत आहे. घरात आता ते सांगून झालं आहे. तुलाच सांगायचं राहिलंय.

मी नाशिकहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू एम.एस्सी. करत होतीस. मला इथलं निम्मं बोलणं कळायचं नाही. आई मराठीतच बोलायच्या, पण मधेच "तो डिब्बा जरा इधर सरकव" असं यायचं आणि मी गोंधळून उभी राहायचे. तू मला स्कूटीवर मागे बसवून गल्लीगल्लीतून फिरवलंस. "वहिनी, दुकानदाराला काका नको म्हणू, भिया म्हण. बघ कसा पिघळतो." महिन्याभरात मी भिया म्हणायला शिकले आणि नाशिकला फोनवर आईलाही एकदा म्हणून बसले.

चार वर्षांपूर्वी माझं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. घरात येणारा प्रत्येक जण मला काहीतरी समजावून जायचा. तू एक अक्षर समजावलं नाहीस. एका रविवारी सकाळी मला उठवलंस, शहराबाहेरच्या सुपर कॉरिडॉरच्या रिकाम्या रस्त्यावर नेलंस, तुझ्या त्या चाकांच्या बोर्डवर उभं केलंस आणि म्हणालीस, "गुडघे वाकव. खाली नको बघू. जिथे बघशील तिथेच पडशील." मी पडले. पुन्हा पडले. तिसऱ्या का चौथ्या रविवारी दहा-बारा पावलांचं अंतर नीट गेले आणि मोठ्याने हसले. वळून बघते तर तू रस्त्याच्या कडेला बसून रडत होतीस. मला वाटलं तुला लागलं. तू म्हणालीस, "कुछ नहीं गं. हसलीस ना, बस."

हे तुला कधी सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून मी पुन्हा जगायला लागले. तुझ्या दादाने नाही, आईंनी नाही, डॉक्टरांनी नाही. तू.

बर्फावर जायचं ते तू गेल्या सप्टेंबरात त्याच रस्त्यावर ठरवलंस. आदल्या वर्षी तू हिमाचलात जाऊन स्नोबोर्डचा पंधरा दिवसांचा कोर्स करून आली होतीस, आणि तेव्हापासून तुझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. "या हिवाळ्यात आपण दोघी. गुलमर्ग नाही, औली नाही, तिथे सगळी जनता जाते. कुठेतरी छोटीशी जागा. एक उतार, एक दोरी, चार खोल्या."

तशी जागा तू शोधलीसही. नकाशावर बोट ठेवून दाखवलंस तरी मला दिसेना. एक लहानसं गाव, गावावर एक मोकळा उतार, आणि डिझेलच्या इंजिनावर फिरणारी लांब दोरी, जी धरून माणूस बोर्डसकट वर ओढला जातो. ती दोरी चालवणारे टेकचंदजी. त्यांच्याच घरात राहायचं, त्यांच्याच घरी जेवायचं. दिवाळीनंतर दर शनिवारी दुपारी तू आपल्या जेवणाच्या टेबलावर बसायचीस, पोह्यांची बशी बाजूला सारून फोन स्पीकरवर टाकायचीस आणि त्यांना प्रश्न विचारायचीस. बूट तिथे मिळतील का, दोरी किती वाजता सुरू होते, रस्ता बंद झाला तर किती दिवस. माणूस हळू बोलायचा. प्रत्येक उत्तराआधी थांबायचा.

एका शनिवारी तू विचारलंस, "और वो ऊपर वाली ढलान? फोटो में बहुत सुंदर दिख रही है."

  ते म्हणाले, "उधर गाँव वाले नहीं जाते जी. भेड़ भी उधर नहीं बैठती."

तू फोन ठेवून इतकी हसलीस! पुढचा आठवडाभर घरात तेच. दादाने भाजी नको म्हटलं की "भेड़ भी उधर नहीं बैठती". मीही हसले. पण त्या दिवशी संध्याकाळी मी एकटीने वरच्या उताराचा तो फोटो मोठा करून पाहिला. खाली झाडं होती, बाजूला झाडं होती. त्या उतारावर मात्र वरपासून खालपर्यंत एकही झाड नव्हतं. एखादी पाटी पुसून ठेवावी तसा तो कोरा होता.

मी पिथमपूरला औषधांच्या कारखान्यात क्वालिटीत काम करते. माझं कामच हे, की कुठे काही खटकलं तर लिहायचं आणि वर कळवायचं. झाडं का नाहीत, म्हणून मी तुला विचारलं. तू फिजिक्सची बाई. स्वयंपाकघरातून रव्याचा डबा आणलास आणि ताटात रवा ओतायला लागलीस. ढीग वाढत गेला. "बघ. एका कोनापर्यंत थर बसतो. मग एक चमचा जरी जास्त पडला ना..." तू वरून चिमूटभर रवा सोडलास आणि एक बाजू सरकन खाली आली. "म्हणून झाडं नाहीत. दर थोड्या वर्षांनी पूरा का पूरा खाली येतं."

"मग तिथे जायचं कशाला?"

"जायचं नाही गं. नुसतं बघून येऊ."

आई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एवढं ठाऊक असून बर्फात मरायला कशाला जाता तुम्ही पोरी?" बोलल्या आणि त्यांचा हात थांबला. लगेच म्हणाल्या, "शुभ बोल नाऱ्या," आणि स्वतःच्याच तोंडावर हलकी चापट मारून घेतली. आपण तिघी हसलो. ताटातला रवा मी डब्यात परत भरला आणि झाकण दाबून लावलं. 

जानेवारी अर्धा झाला तरी बर्फ पडला नाही. टेकचंदजी पिवळ्या गवताचे फोटो पाठवायचे आणि तुझा चेहरा उतरायचा. मला आतून बरं वाटायचं, हेही आता सांगून टाकते. मग एकदा पातळ बर्फ पडला. त्यावर आठ दिवस कडक ऊन. आणि मग एकाएकी तीन दिवस जोराचा बर्फ आणि वारा. तू नाचत आलीस. निघायला पाच दिवस उरले होते.

त्याच दिवशी, रविवारी, मी तुला सांगितलं, की मी येत नाही. ऑडिट आहे म्हणाले.

"ऑडिट?" तू म्हणालीस. "तुझं ऑडिट मार्चमध्ये असतं वहिनी. मला माहीत आहे. सरळ बोल ना, भीती वाटतेय."

"वाटतेय. तुलाही वाटायला हवी."

"चार महिने तू हेच करून राहिलीस. झाडं का नाहीत, रस्ता बंद झाला तर काय, डॉक्टर किती लांब. मी एक गोष्ट बोलते, तू त्यात एक खिळा ठोकतेस. तुझं बाळ गेलं ना, तेव्हापासून तुला वाटतं सगळ्यांचं सगळं जाणारच आहे."

 तुला लगेच कळलं तू काय बोललीस ते. तू माझ्याकडे आलीस, मी मागे सरकले. "जा तू," मी म्हणाले. "मी आता एक शब्द बोलणार नाही. तुझ्या बर्फाबद्दल यापुढे माझ्या तोंडून वाईट काही निघणार नाही."

हे मी रागाने म्हणाले होते. आणि मग ते पाळलं.

दोन दिवसांनी, मंगळवारी दुपारी मला टेकचंदजींचा फोन आला. तू क्लासवर होतीस आणि वर्गात तू फोन बंद ठेवतेस. दुसरा नंबर म्हणून तू त्यांना माझा दिला होतास. मी प्रयोगशाळेतून बाहेर येऊन व्हरांड्यात उभी राहिले. ते नेहमीसारखे हळू बोलत होते, पण त्या दिवशी मधे थांबत नव्हते. "मैडमजी को बोल देना. नई बरफ बहुत आई है, लेकिन नीचे वाली ने पकड़ी नहीं है. ऊपर वाली ढलान का इस बार सोचें भी नहीं. नीचे जितना मर्जी खेलें, ऊपर नहीं. आप ज़रूर बोल देना."

"बोल दूँगी," मी म्हणाले.

संध्याकाळी तू माझ्या खोलीपाशी आलीस. भांडणानंतर पहिल्यांदाच. दारात उभी राहून माझ्या चेहऱ्याकडे बघत होतीस, आत येऊ की नको असं. हातात माझ्यासाठी आणलेली गरम कचोरी. मला तुझी इतकी दया आली, आणि माझी लाज वाटली. मला तुला खूश करायचं होतं, मेघू. एकदा, फक्त एकदा, खिळा न ठोकता. मी म्हणाले, "टेकचंदजींचा फोन होता. म्हणाले, नवा बर्फ भरपूर आलाय."

"खरंच?"

"हो. म्हणाले, जितना मर्जी खेलो."

तू मला घट्ट मिठी मारलीस. कचोरीचं तेल माझ्या खांद्याला लागलं. तुझ्या दादाला ओरडून सांगितलंस, आईंना सांगितलंस. मी ठरवलं, उरलेलं उद्या सांगू. आजचा दिवस जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी तू पॅकिंग करत होतीस. तिसऱ्या दिवशी माझी शिफ्ट होती. स्टेशनवर मी तुला सोडायला आले, गाडी सुटायला पाच-सात मिनिटं होती आणि मी तोंड उघडलं. तू बोट दाखवून म्हणालीस, "आता घाबरवायचं नाही हं, वहिनी. प्रॉमिस आहे तुझं." मी म्हणाले, "कान झाक." एवढंच. गाडी हलली तेव्हा तू दारातून ओरडलीस, "पुढच्या वर्षी तुला उचलून नेणार!" मी हात हलवला.

पहिले दोन दिवस तुझे फोन आले. रेंज तुटत होती, पण तुझा आनंद स्पष्ट ऐकू येत होता. दुसऱ्या संध्याकाळी तू म्हणालीस, "खालचा उतार छोटा आहे गं. एक तासात पाठ होतो."  मी म्हटलं, "मग?" तू म्हणालीस, "मग काय, बघू उद्या." माझ्या हातात फोन होता. तू लाईनवर होतीस. मी स्वतःला समजावलं की टेकचंदजी तिथेच आहेत, त्यांनी समोरासमोर सांगितलंच असेल. माणूस कारखान्यात अशी चूक करत नाही. तिथे प्रत्येक गोष्ट लिहून, वाचून, सही घेऊन पुढे जाते. घरात आपण सगळं दुसऱ्याने सांगितलं असेल यावर सोडतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाच्या सुट्टीत फोन वाजला. टेकचंदजींचा नंबर होता. मी तो पूर्ण वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला.

तू आणि दिल्लीहून आलेली दोघं जण बोर्ड पाठीला बांधून पायी वर गेला होतात. ती दोघं उताराच्या कडेला झाडांपाशी थांबली. तू आधी निघालीस. त्यांनी सांगितलं, की आवाज मोठा नव्हता. जाड कापड फाटावं तसा, आणि अख्खा उतार खाली आला. गावातली सगळी माणसं फावडी घेऊन धावली. तू सापडलीस तेव्हा दुपार कलली होती.

मी आणि तुझा दादा तिथे पोचलो. तुला पाहिलं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तू झोपल्यासारखी दिसत होतीस असं सगळे म्हणतात. मला तसं वाटलं नाही. तू मला काहीतरी विचारत होतीस असं वाटलं.

अंगणात तुझ्या दादाने टेकचंदजींची कॉलर धरली. "आप तो यहीं के हो! बताया क्यों नहीं उसको? एक बार बोल नहीं सकते थे?" टेकचंदजी साठीचे असतील. बारीक, वाकलेले. हात खोदून खोदून फुटले होते. त्यांनी तुझ्या दादाच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. ते म्हणाले, "गलती हो गई जी."

नंतर ते मला विहिरीपाशी एकटे भेटले. दोष देत नव्हते, नुसतं सांगत होते. तू पोचलीस त्याच दिवशी त्यांनी तुला विचारलं होतं, "भाभीजी ने हमारा संदेसा दे दिया था?" आणि तू हसून म्हणाली होतीस, "हाँ हाँ, सब बता दिया." म्हणून ते निश्चिंत झाले. तिसऱ्या सकाळी ते डिझेल आणायला खालच्या बाजारात गेले होते.

भाभी ने बोल दिया, तो बात पक्की.

इंदूरला परतल्यावरही मी गप्प राहिले. तिकडे पंचायतीने टेकचंदजींची दोरी बंद करायला लावली. गावातलेच लोक म्हणायला लागले, की याने बाईला अडवलं नाही. ते कोणापाशी एक शब्द बोलले नाहीत. तुझं जाणं ही माझी पहिली चूक असेल, पण हे दुसरं मी रोज उठून करत होते. सकाळी चहा ठेवताना, कारखान्यात सह्या करताना, तुझ्या फोटोला हार घालताना.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा दादा टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होता. मी विचारलं. म्हणाला, "त्या माणसाविरुद्ध तक्रार. असा सोडायचा नाही त्याला." मी त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं. मंगळवारची दुपार, व्हरांडा, प्रत्येक शब्द. अर्धं काय सांगितलं आणि अर्धं काय ठेवलं ते.

त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "तू सांगितलं असतंस तर ती थांबली असती?"

"माहीत नाही."

"मला माहीत आहे. थांबली नसती. जिद्दी होती." त्याने तो कागद दोनदा दुमडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण सांगायला हवं होतंस." उठून बाहेर गेला. त्या दिवसापासून तो माझ्याशी नीट वागतो. फार नीट. जसं आपण पाहुण्यांशी वागतो.

आईंना सांगू नकोस असं तो म्हणाला होता. मी सांगितलं. गेल्या गुरुवारी, दुपारी, त्यांच्या खोलीत. त्या पलंगावर बसून तुझे सलवार-कुडते घड्या करून एका पिशवीत भरत होत्या. मी बोलत होते तोवर त्यांचे हात चालत होते. माझं संपलं तेव्हा त्यांनी शेवटच्या कुडत्याची घडी घातली आणि विचारलं, "त्यांचा नंबर आहे तुझ्यापाशी?"

मी फोन लावून दिला. आईंनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"भैया, मैं मेघना की माँ बोल रही हूँ, इंदौर से."  मग म्हणाल्या, "आपकी कोई गलती नहीं थी. आपने तो बोला था. गलती हमारे घर से हुई. ये बात आप गाँव में सबको बता दो. बोल देना, लड़की की माँ ने खुद बोला है." मग त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मला दुरून फक्त एका पुरुषाच्या रडण्याचा आवाज येत होता. आई त्यांना म्हणाल्या, "बस भैया, बस. रोटी खा लेना."

"हमारे घर से" म्हणाल्या त्या, मेघू. "बहू से" म्हणाल्या नाहीत. मी त्या शब्दाला धरून चार दिवस काढले आहेत. तो मला घरात ठेवण्यासाठी होता की टेकचंदजींसमोर घराची लाज राखण्यासाठी, ते मी विचारलेलं नाही.

फोन त्यांनी पलंगावर ठेवला, माझ्या हातात दिला नाही. त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. मी स्वयंपाक करते, त्या जेवतात. भाजी लागली तर स्वतः उठून घेतात. जेवण झालं की मी ताट उचलायला हात पुढे करते, तेव्हा त्या ताटावर आपला हात ठेवतात, मी मागे सरकेपर्यंत वाट बघतात, आणि मग ते स्वतः आत नेऊन घासतात.